जुलैमधले फोन

पोंक्षेसाहेबांनी ज्ञानदाला जिन्यातच गाठलं. तिनं अजून डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नव्हतं.

"ती डिस्क काल संध्याकाळपासून पुसायला लावलीय. संपायचं नाव नाही. तुझी यंत्रं आहेत की बैलगाड्या?"

"कोणती डिस्क, सर?"

"ती गं, फोनच्या रेकॉर्डिंगची. गेल्या वर्षीची. दुपारच्या आत मला ती कोरी करून हवी आहे. भाड्याचं सामान परत जातंय, त्यांचा माणूस यायचाय."

ज्ञानदा पायरीवरच थांबली. ती डिस्क तिच्या कपाटात असायची. कपाटाची एक किल्ली तिच्याकडे होती आणि दुसरी, अडीनडीला म्हणून, साहेबांच्या खोलीत. म्हणजे तिला न विचारता कपाट उघडलं गेलं होतं, डिस्क बाहेर काढली गेली होती, आणि आता ती हळू चालते म्हणून बोलणी मात्र तिला खायची होती.

"सर, मला विचारायचं तरी. मतलब, कपाट माझ्या ताब्यात आहे."

"मतलब नाही, ज्ञानदा. म्हणजे. 'म्हणजे कपाट माझ्या ताब्यात आहे' असं म्हण." पोंक्षे हसले आणि वर निघून गेले.

हे हसणं ती तीन वर्षं सोसत होती. वडील नंदकिशोर सबनीस बँकेच्या बदलीवर सांगलीहून जयपूरला आले आणि वैशाली नगरात घर बांधून इथलेच झाले. ज्ञानदा इथेच जन्मली, इथल्या शाळेत शिकली. तिच्या मराठीत हिंदी शब्द येणारच. पोंक्षे पुण्याहून या विमा कंपनीचे विभागीय प्रमुख म्हणून आले तेव्हा पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ही आपली मराठी मुलगी." त्यानंतर तिचं काम त्यांनी कधी नीट पाहिलं नाही. भाषा मात्र रोज तपासली. ऑफिसातले सगळे संगणक, फोन, रेकॉर्डिंग, बॅकअप तिच्या एकटीच्या जिवावर चालत होते.

ती संगणकाच्या खोलीत शिरली. मे महिना होता. खिडकीतला कूलर नुसताच घरघरत होता, हवेत पाण्याचा अंश नव्हता. तिच्या खुर्चीवर सतीश माथुर बसला होता. अपघाताच्या दाव्यांचं काम पाहणारा, गोड बोलणारा माणूस. समोर पडद्यावर एक हिरवी पट्टी होती. पट्टी चौथा हिस्सासुद्धा भरलेली नव्हती.

"मॅडम, बरं झालं आलात," सतीश हिंदीत म्हणाला. "रात्रभर चालू ठेवलं. मुंगीसारखं सरकतंय."

"उठा," ज्ञानदा म्हणाली.

तो उठला. राग आला की तिचे हात अधिक शिस्तीत चालत. आधी तिनं वायर पाहिली. सतीशनं डिस्क संगणकाच्या पुढच्या बाजूला जोडली होती. ती जोडणी जुन्या पद्धतीची होती, तिच्यातून माहिती थेंबाथेंबानं जायची. मागच्या बाजूला नवी, वेगवान जोडणी रिकामी पडली होती. हे एक झालं. मग तिनं कोपऱ्यातलं चिन्ह पाहिलं. व्हायरस शोधणारा प्रोग्राम चालूच होता आणि पुसली जाणारी प्रत्येक फाइल आधी उघडून तपासत होता. हे दुसरं.

"पुसताना किती वेळा पुसायचं, ते काय निवडलंत?"

"सगळ्यात पक्कं असेल ते. यादीत शेवटचं होतं."

तिनं कपाळाला हात लावला. शेवटचा पर्याय म्हणजे एकाच जागेवर तीस-पस्तीस वेळा काहीबाही लिहीत राहायचं. एकदा लिहिलं तरी पुरेसं असताना हा प्रोग्राम एकेका फाइलवर ताटकळत बसला होता. आणि फाइली तरी किती! प्रत्येक फोनची एक. दोन मिनिटांचं बोलणं, पाच मिनिटांचं बोलणं, अशा बारीक बारीक हजारो फाइली.

मग तिला खरा प्रश्न पडला, आणि तो पडल्यावर बाकीची कारणं क्षुल्लक वाटायला लागली.

या कंपनीच्या कुठल्याशा शाखेत मागे कुणीतरी लॅपटॉप बसमध्ये विसरलं होतं. तेव्हापासून मुख्य कार्यालयाचा हुकूम होता की सगळ्या डिस्क एन्क्रिप्ट करायच्या. जयपूरच्या सगळ्या डिस्क ज्ञानदानं स्वतः तशा केल्या होत्या. अशा डिस्कवर जे काही लिहिलं जातं ते कुलपात जातं. पासवर्ड दिला तर सगळं नेहमीसारखं दिसतं, न दिला तर आत नुसता अर्थहीन कचरा. डिस्क परत द्यायची असेल तर ती उघडायचीच गरज नव्हती. बंद पेटी जशीच्या तशी जाळावी तसं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा शून्य लिहीत जायचं. चार तासांत काम संपलं असतं. इथे मात्र कुणीतरी पासवर्ड देऊन पेटी उघडली होती आणि आतला एकेक कागद काढून फाडत बसलं होतं.

"पासवर्ड कुणी दिला?"

"साहेबांनी. त्यांच्याकडे पासवर्डचं बंद पाकीट होतं ना." सतीश दाराकडे पाहत म्हणाला. "मॅडम, फक्त वेग वाढवून द्या. बाकी मी बघतो."

ज्ञानदानं काम थांबवलं. वेग वाढवायचा तर थांबवायलाच हवं होतं. मग पर्याय बदलायला तिनं प्रोग्रामची खिडकी उघडली. काय काय पुसायचं त्याच्या खुणा तिथे दिसल्या. वर्षभराचे फोल्डर होते. जानेवारीला खूण नव्हती, फेब्रुवारीला नव्हती, एप्रिल, मे, जून, कशालाच नव्हती. खूण एकाच ठिकाणी होती. जुलै. त्यातही अपघाताच्या दाव्यांसाठी जी वेगळी लाइन होती, तेवढीच.

परत जाणाऱ्या डिस्कवरचा एकच महिना कोण पुसतं?

"सतीशजी, भाड्याचं सामान परत जातंय ना?"

"हो."

"मग फक्त जुलै?"

तो रुमालानं मान पुसत राहिला.

ज्ञानदाला जुलै माहीत होता. ऑफिसातल्या प्रत्येकाला माहीत होता, कारण जुलै दर पंधरवड्याला येऊन रिसेप्शनच्या सोफ्यावर बसायचा. तिचं नाव सुलोचना इंगळे. राहणार खातीपुरा, रेल्वेचं क्वार्टर. नवरा गुलाबराव रेल्वेत सिग्नलचं काम करायचा. मूळचे अकोल्याकडचे. गेल्या जुलैत गुलाबराव ड्यूटीवरून परत येताना त्यांच्या स्कूटरला ट्रकनं उडवलं. अपघाताची पॉलिसी होती, हप्ता भरलेला होता. कंपनीनं दावा फेटाळला, कारण अपघाताची खबर आठ दिवसांत दिली नाही. महिन्यानंतर थेट कागद आणून दिले, असं कंपनीचं म्हणणं.

ज्ञानदा एकदा आईशी फोनवर मराठीत बोलत होती, ते ऐकून सुलोचनाबाई सोफ्यावरून उठून आल्या होत्या.

"तुमी मराठी हाय ना बाई? मंग मले सांगा, म्या दवाखान्यातूनच फोन केल्ता. त्याच दिवशी. हे म्हनतेत फोन आलाच नाई. मंग म्या कोनाशी बोलली?"

ज्ञानदानं तेव्हा पोंक्षेंना विचारलं होतं. रेकॉर्डिंग ऐकायला दावे विभागाची परवानगी लागायची. पोंक्षे म्हणाले होते, "ते वकील बघताहेत. तू मध्ये पडू नकोस, प्रकरण कोर्टात आहे." तिला ते पटलं होतं. नियम तोच होता.

आता तिनं जुलैचा फोल्डर उघडला.

सतीश पुढे आला. "मॅडम, ते नका..."

"लांब व्हा."

फाइलींना तारखेनं नावं होती, पुढे ज्या नंबरवरून फोन आला तो नंबर. पुसणारा प्रोग्राम पहिल्या तारखेपासून एकेक करत निघाला होता. महिन्याचे सुरुवातीचे दिवस साफ रिकामे होते. त्यानंतरच्या फाइली अजून जागेवर होत्या. चुकीची जोडणी, तपासत बसणारा प्रोग्राम आणि सतीशनं हौसेनं निवडलेला सगळ्यात पक्का पर्याय, या सगळ्यांमुळे काम रखडलं होतं, आणि रखडलं होतं म्हणूनच ते गुलाबरावांच्या दिवसापर्यंत पोचलं नव्हतं.

अपघाताचा दिवस तिच्या लक्षात होता, सुलोचनाबाईंनी तो इतक्यांदा सांगितला होता. त्या दिवशीच्या फाइली थोड्याच होत्या. तिसरी फाइल लावली आणि बाईंचा आवाज खोलीभर झाला.

सुरुवातीला शब्द कळतच नव्हते. मागे दवाखान्यातला गलका होता, कुणीतरी स्ट्रेचर, स्ट्रेचर म्हणून ओरडत होतं. मग मोडक्या हिंदीत, "भैया, मेरे आदमी का अ‍ॅक्सिडेंट हुआ. वो नहीं रहे. पॉलिसी है उनकी, कार्ड पे ये नंबर लिखा है." आणि मग पॉलिसीचा नंबर. एकेक आकडा. मध्येच हुंदका, आणि परत पहिल्यापासून सगळे आकडे.

मग पलीकडचा आवाज. गोड, शांत. "बहनजी, हो गया, लिख लिया. अभी आप घर संभालिए. सब काम निपट जाए, फिर आराम से कागज लेकर आइए. कोई जल्दी नहीं."

तो आवाज या खोलीतच उभा होता.

ज्ञानदानं फाइल बंद केली आणि खुर्ची वळवली. 

"लिख लिया? कुठे लिहिलंत?"

सतीशचा चेहरा उतरला. "मॅडम, मी नोकर माणूस. साहेबांनी सांगितलं होतं, अपघाताचा फोन आला की लगेच नोंद करायची नाही. कागद येतील तेव्हाची तारीख घालायची. मतलब, वरून दाव्यांचं प्रमाण कमी करा म्हणून दबाव होता..."

"सगळ्यांना असंच सांगत होता?"

"त्या महिन्यात. पुढे साहेबांनीच बंद केलं."

तिनं परत पडद्याकडे पाहिलं. महिन्याचे ते रिकामे दिवस. तिथे कुणाचे फोन होते? कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा, कोण कुठल्या दवाखान्याच्या व्हरांड्यातून आकडे वाचून दाखवत होतं? पस्तीस वेळा पुसलेलं परत येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. जगातला कुठलाही तज्ज्ञ आणला तरी ते आवाज गेले होते. तिच्या कपाटातून, तिच्या खुर्चीवर बसून, तिच्या संगणकावर घालवले गेले होते. तिला ओरडावंसं वाटलं. ओरडायच्या ऐवजी तिनं डिस्क नियमाप्रमाणे बंद केली, कारण एन्क्रिप्ट केलेली डिस्क चालू असताना उपटली तर आत उरलेलंही हातचं जाऊ शकतं. वायर काढली. मग मुख्य कार्यालयाच्या तपासणी विभागाला चार ओळींची ईमेल लिहिली. डिस्कवरचं काय पुसलं जात होतं, कुणाच्या सांगण्यावरून, आणि डिस्क आता माझ्याकडे आहे. पाठवून टाकली.

सतीश केव्हाच सटकला होता. तो कुठे गेला हे सांगायला नको होतं. पोंक्षे दारात उभे राहिले.

"झालं का काम?"

"नाही, सर. होणारही नाही."

"हे बघ, ज्ञानदा..."

"तुम्ही मला सांगितलंत सामान परत जातंय."

"जाणारच आहे. आज ना उद्या." त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "तुला सगळं सांगत बसायला मला वेळ नाही. दोन वाजता ग्राहक मंचात तारीख आहे. त्या बाईच्या वकिलीणबाईंनी डिस्कच मागवलीय. आपलं प्रतिज्ञापत्र तयार आहे, की जुलैत तांत्रिक बिघाड होता आणि त्या लाइनचं रेकॉर्डिंग झालंच नाही. बस. इतकं साधं आहे."

ज्ञानदानं टेबलावरची डिस्क उचलली.

"बिघाड? माझ्या सिस्टिममध्ये? जुलैमध्ये एक दिवस, एक तास बिघाड नव्हता!"

"कागदावर आहे."

"आणि बिघाड कुणाच्या खात्याचा? माझ्या. सही कुणाची? तुमची. मला विचारलंसुद्धा नाही!"

"आवाज चढवू नकोस. कुणी तुला फाशी देत नाहीये. यंत्रं बिघडतात. अगं, आपण इथे परक्या मुलखात, चार मराठी माणसं. एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं."

"ती कोण आहे मग?" ज्ञानदा उठून उभी राहिली. "सुलोचनाबाई कोण आहेत? वर्षभर त्या सोफ्यावर बसून मराठीतच तर बोलत होत्या! मतलब, त्या तुमच्या चार माणसांत येत नाहीत?"

या वेळी त्यांनी तिची भाषा सुधारली नाही.

"ती डिस्क खाली ठेव."

"नाही."

"ती कंपनीची मालमत्ता आहे. या दाराबाहेर नेलीस तर मी पोलिसात चोरीची तक्रार देईन. नोकरी तर जाईलच."

"द्या तक्रार. फक्त तक्रारीत डिस्कवर काय होतं तेही लिहा. आणि काल ती कपाटातून कुणी काढली तेही."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. ते दारातून हलले नाहीत. ज्ञानदा डिस्क छातीशी धरून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, इतक्या जवळ की त्यांना एक तर तिला हात लावावा लागला असता, नाही तर बाजूला व्हावं लागलं असतं. बाहेर टायपिंगचे आवाज थांबले होते. सगळं ऑफिस काचेतून पाहत होतं. पोंक्षे बाजूला झाले.

स्कूटर चालवताना डिस्क पिशवीत होती आणि पिशवी तिच्या पोटाशी. टोंक रोडवर गरम वारा तोंडावर फटके मारत होता. लाल दिव्यापाशी तिला कळलं की आपण मोठ्यानं बोलतोय. शेजारच्या ऑटोवाल्यानं विचारलं, "क्या हुआ बहनजी?" ती म्हणाली, "कुछ नहीं," आणि पुन्हा पुटपुटायला लागली.

ग्राहक मंचाची खोली माणसांनी भरलेली होती. पंखे होते, हवा नव्हती. सुलोचनाबाई भिंतीकडच्या बाकावर होत्या, शेजारी त्यांच्या वकील मधुमती शेखावत. ज्ञानदानं त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात प्रकरण पुकारलं गेलं.

कंपनीचे वकील उठले आणि प्रतिज्ञापत्र वाचायला लागले. "तांत्रिक बिघाडामुळे संबंधित कालावधीतील ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही..."

"आहे," ज्ञानदा म्हणाली.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. अध्यक्षांनी चष्म्यावरून विचारलं, "आप कौन?"

तिनं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. रेकॉर्डिंगचं काम माझ्याकडे आहे. बिघाड नव्हता. डिस्क ही आहे. आज सकाळपर्यंत ती पुसली जात होती. बोलताना तिचा आवाज कापत होता आणि त्याचाही तिला राग येत होता, कारण समोरच्यांना ते कापणं भीतीचं वाटत असणार.

कंपनीचे वकील ओरडले की ही चोरीची वस्तू आहे. शेखावतबाई त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडल्या. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला.

"चोरीचं पोलीस बघतील. माझ्यापुढे शपथेवर सांगितलं जातंय की वस्तू नाही, आणि वस्तू माझ्या डोळ्यांसमोर आहे. डिस्क इथे जमा करा. पुढच्या तारखेला दोन्ही बाजूंसमोर उघडली जाईल. पासवर्ड?"

"मी येऊन देईन," ज्ञानदा म्हणाली. "डिस्क उघडण्यापुरताच."

मोहरबंद पाकिटात डिस्क गेली. ज्ञानदा व्हरांड्यात आली. तिला वाटलं होतं सुलोचनाबाई येऊन हात धरतील, रडतील. सुलोचनाबाई आल्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"म्हंजे तो फोन व्हता?"

"हो. मी ऐकला. तुमचा आवाज आहे, सगळं आहे."

"सालभर व्हता?"

"हो."

"तुमच्या कपाटात?"

ज्ञानदानं मान हलवली.

"मी त्या सोफ्यावर बसत जाय तवा तुमच्या खोलीचं दार मले दिसे," सुलोचनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढत गेला. "तुमी डबा खायाले जा, येता-जाता माह्याकडं पाहून हासा. म्या तुमाले सांगतलं बाई, फोन केल्ता. तुमच्याच हाताखाली व्हता तो फोन! एक डाव उघडून पाहाले काय झालतं तुमाले? माह्या सासूनं मले खोटी ठरवली. म्हने तूच फोन केला नाई, तुह्यानंच पोराचा पैसा बुडाला. सालभर मले वाटे, खरंच म्या फोन केल्ता का नाई? का डोकं फिरलं माह्यं?"

"परवानगी नव्हती मला," ज्ञानदा म्हणाली. शब्द तोंडातून निघताच तिला ते किती पोकळ आहेत ते ऐकू आलं.

"आज कोनं देल्ली परवानगी?"

 शेखावतबाई मध्ये पडायला आल्या, पण ज्ञानदानंच हातानं त्यांना थांबवलं. सुलोचनाबाईंना बोलायचं होतं, आणि ज्याला बोलायचं तो माणूस त्यांच्यासमोर कधी उभाच राहिला नव्हता. त्या बोलल्या. व्हरांड्यातले लोक थांबून ऐकत होते. बोलून झाल्यावर त्या जिना उतरून गेल्या, बसस्टॉपकडे.

दुसऱ्या दिवशी ज्ञानदाच्या हातात निलंबनाचा कागद पडला. पोलिसांनी एकदा बोलावलं, जबाब घेतला आणि सोडून दिलं. कंपनीला डिस्कवर काय होतं ते लिहून द्यायचं नव्हतं. घरी निनाद, तिचा नवरा, दोन दिवस तो कागद परत परत वाचत होता. तिसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता म्हणाला, "निघताना मला एक फोन तरी करायचास."

"तू काय म्हणाला असतास?"

त्यानं विचार केला. "थांब म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही केला."

पुढच्या तारखेला डिस्क उघडली. ज्ञानदानं पासवर्ड टाकताना सगळ्यांनी माना वळवल्या. अध्यक्षांसमोर दोन छोटे स्पीकर ठेवले होते. दवाखान्याचा गलका, मोडकं हिंदी, पॉलिसीचे आकडे, पुन्हा पहिल्यापासून आकडे. सुलोचनाबाई ताठ बसून ऐकत होत्या. 'कोई जल्दी नहीं' या वाक्याला त्या उठल्या आणि कंपनीच्या बाजूला बसलेल्या सतीशकडे बोट करून एवढंच म्हणाल्या, "यही है." सतीशनं मान वर केली नाही. पोंक्षे आले नव्हते. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता म्हणे.

निकाल सुलोचनाबाईंच्या बाजूनं लागला. दावा व्याजासह द्यायचा, वर खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल दंड. शेखावतबाईंनी त्या महिन्यातल्या उरलेल्या फोनवाल्यांनाही शोधलं आणि त्यांतली आणखी काही माणसं मंचापुढे उभी राहिली. महिन्याच्या सुरुवातीला फोन केलेले, ज्यांचे आवाज पुसले गेले ते, मात्र कुणालाच सापडले नाहीत. कंपनीकडे त्यांच्या फोनची नोंद नव्हती आणि त्यांना बिचाऱ्यांना हे घडतंय ते माहीत नव्हतं.

ज्ञानदाचं निलंबन मागे घेतो, पण बदली गुवाहाटीला, असं मुख्य कार्यालयानं कळवलं. तिनं राजीनामा दिला. प्रताप नगरात एका खाजगी संगणक संस्थेत ती शिकवायला लागली. पगार कमी, मुलं खूप.

दिवाळीच्या आधी सुलोचनाबाईंचा फोन आला.

"बाई, भेटले. चेक आला."

"बरं झालं," ज्ञानदा म्हणाली.  एकमेकींशी काय बोलावं ते दोघींनाही कळत नव्हतं.

"त्या दिवशी म्या लई बोलली तुमाले."

"बरोबरच बोललात."

"हाव, बरोबरच बोलली," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मागं नाई घेत. पन तुमची नोकरी गेली त्याचं मले वाईट वाटते. आन् तो तुमचा साहेब? त्याले काय झालं?"

ज्ञानदाला कालच जुन्या ऑफिसातून कळलं होतं. सांगावं की नाही असं क्षणभर वाटलं.

"इंदूरला गेला. बढतीवर."

 मग सुलोचनाबाईंनी अस्सल अकोल्याची एक शिवी हासडली, अशी की ज्ञानदानं जन्मात ऐकली नव्हती. तिला तिचा पूर्ण अर्थही लागला नाही.

"काय म्हणालात? परत सांगा."

सुलोचनाबाईंनी परत सांगितली, सावकाश, एकेक शब्द मोकळा करून. वर्गात मुलं वाट पाहत होती. ज्ञानदा फोन कानाला लावून भर व्हरांड्यात उभी राहिली आणि तिनंही ती शिवी मोठ्यानं म्हटली. पहिल्यांदा उच्चार चुकला. दुसऱ्यांदा बरोबर आला.